पानानं लावलेली हळद

मोरीच्या कोनाड्यात हात घातला आणि बोटांना दात लागले. वजरी होती. टाचा घासायची, पितळेची, माशाच्या आकाराची. एका बाजूचे दात पार झिजून गेलेत, दुसऱ्या बाजूचे अजून चावतात. शेपटीशी साबणाचा पांढरा थर साचलाय. मी ती धुतली, पदराला पुसली आणि सामानाच्या खोक्यात न टाकता हातातच ठेवली.

कामतघरची आमची चाळ आता पाडणार आहेत. खोली रिकामी करायला मी आलेय. बाबा टेम्पो ठरवायला गेलेत आणि आई बाहेर ओट्यावर बसून हातापायांना तेल लावतेय. घर मोडायला निघालंय, पण चार वाजले की तिचं तेल लागलंच पाहिजे. गेली कित्येक वर्षं तिचा हा नेम चुकलेला नाही. हा नेम कशासाठी सुरू झाला ते बाबांना माहीत नाही. ते आम्हा दोघींनाच माहीत आहे. आणि त्यातलं एक वाक्य फक्त मला.

मी माणूस म्हणून फार वाईट नाही. दारात आलेल्याला पाणी विचारते, कुणाच्या वाईटावर टपून बसत नाही. फक्त एका बाईच्या बाबतीत माझं मन कधी साफ झालं नाही. ती जाऊनही बरीच वर्षं झाली. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलतील बाकीचे.

ती माझी काकी. बाबांच्या थोरल्या भावाची बायको, सुमनकाकी. काका-काकी दिघाशीला गावच्या घरी राहायचे, आम्ही कामतघरला दहा बाय बाराच्या खोलीत. असं का झालं ते सोडा, ती भानगड मोठ्यांची होती. काकी गोरी होती आणि गोरी असल्याचं तिला चोवीस तास भान असायचं. तिच्याकडे आरशाचं कपाट होतं, त्यावर डब्या, बाटल्या, एक गुलाबी पफ. माझी आई, वनिता, चाळीमागच्या कारखान्यात कांडी भरायची. कांडी म्हणजे लूमच्या, कापड विणायच्या मागाच्या, धोट्यात बसते ती सुताची नळी. दिवसभर बोटांतून सूत धावायचं आणि बोटांना बारीक चिरा पाडून जायचं. संध्याकाळी आई घरी यायची तेव्हा तिच्या भुवयांवर, हातांवरच्या लवेवर कापूस बसलेला असायचा. अंगाला सुताला लावायच्या सायझिंगच्या कांजीचा आंबूस वास यायचा. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला की खरखरायचं. मला ती खरखर आवडायची. झोपेतसुद्धा ओळखू यायचा तो हात.

मी सातवीत असताना काकीच्या मुलीचं, कल्पनाताईचं लग्न निघालं. आई दोन दिवस आधी रजा टाकून दिघाशीला गेली. हळकुंडं तिनं फोडली, जातं तिनं ओढलं, मांडवातल्या बायकांना चहा तिनं दिला. हळदीच्या दिवशी दुपारी कल्पनाताईला पाटावर बसवलं. अंगणातला आंबा मांडवावर वाकलेला होता आणि धवले, लग्नाची गाणी, म्हणणाऱ्या बाईचा आवाज चांगला तापला होता. पाच सवाष्णींनी हळद लावायची. आईचा नंबर तिसरा. तिनं हाताला हळद घेतली, कल्पनाताईच्या गालापर्यंत नेली, आणि काकीनं तिचं मनगट धरलं.

"वनिता, तू हात नको लावूस गो. पोरीच्या गालाला ओरखडे उठतील. थांब, ह्या पानानं लाव."

आणि डोक्यावरच्या फांदीचं एक आंब्याचं पान तोडून तिनं आईच्या हातात दिलं.

बायका हसल्या. अगदी मोकळेपणानं हसल्या, धवले म्हणणारीसुद्धा मध्येच थांबून हसली. आईही हसली. तिनं पानाच्या टोकानं हळद लावली, उठली आणि विहिरीकडे हात धुवायला गेली. मी मागोमाग गेले. ती हात धुतच होती. हळद कधीच गेली होती.

लग्न उरकून कामतघरला परत आलो त्या संध्याकाळी आईनं ही वजरी घेतली आणि तळहात घासायला बसली. टाचा घासायची वजरी, तळहातांवर. मी बघत होते. पाणी लालसर व्हायला लागलं तेव्हा मी ओरडले. शेजारच्या रुखसानाभाभी धावत आल्या. आझमगढकडच्या त्या, नवरा लूमवर. त्यांनी आईच्या हातातून वजरी हिसकावून घेतली.

"पागल हो गई हो क्या दीदी? रगड़ने से चमड़ी मुलायम नहीं होती, और सख़्त होती है. चमड़ी को मनाना पड़ता है."

आईनं विचारलं, "किती दिवस?"

"दिन?" भाभी हसल्या. "बरसों लगते हैं."

"लागू दे," आई म्हणाली.

आमची लढाई इथून सुरू झाली. मी मुद्दामच लढाई म्हणतेय. लोक कातडी जपतात ती चांगलं दिसायला. आम्ही एका बाईला तिचं वाक्य गिळायला लावण्यासाठी जपत होतो. तिनं पुन्हा एकदा आईचा हात धरायचा आणि चार बायकांत सांगायचं की हात मऊ आहे. बस, एवढंच. ते कुठं घडणार हेही ठरलेलं होतं: माझ्या हळदीत. तोवर आमच्याकडे सात-आठ वर्षं होती.

सकाळचा नळ साडेपाचला यायचा. आई अंगावर कढत पाणी घ्यायची ते बंद झालं, कोमट आलं. काथ्या गेला. साबण फक्त काखेत आणि पायांना, बाकी अंगाला चण्याचं पीठ आणि चमचाभर साय. ती साय बाबांच्या चहातली होती. त्यांनी एकदा विचारलं, तेव्हा आईनं मांजरावर ढकललं. आंघोळीनंतर अंग पुसायचं नाही, टिपायचं. त्यासाठी कारखान्यातल्या कोऱ्या कापडाचा एक तुकडा दहादा धुऊन मऊ केलेला होता. आणि अंग ओलं असतानाच खोबरेल, म्हणजे पाणी आत कोंडलं जातं, हे भाभींचं शास्त्र. ओल्या अंगाचा, पिठाचा आणि खोबरेलाचा तो एकत्र वास अजूनही कुठं आला की मला सातवीचं दप्तर आठवतं आणि मागोमाग काकीचं तोंड.

भाताची पेज आम्ही प्यायचो, पण वरची निवळ वाटीभर बाजूला निघायची. ती गार झाली की चेहऱ्याला आणि हातांना. कांडी भरताना बोटांना सायकलच्या ट्यूबचे कापलेले रबर चढायचे. बाकीच्या बायका आईला चिडवायच्या, "काय गो, साहेबीण झालीस?" आई फक्त मान हलवायची. मशीनशेजारी पाण्याचा तांब्या. तहान लागो न लागो, सुटी होईपर्यंत तो दोनदा रिकामा झालाच पाहिजे.

थंडीत खोबरेल थिजायचं, मग तिळाचं तेल. ते वाटीत ओतून वाटी उन्हाच्या कवडशात ठेवायची आणि कवडसा सरकेल तशी वाटी सरकवायची, हे काम माझं. टाचा मिठाच्या गरम पाण्यात आणि मग वजरी, पण फक्त रविवारी, फक्त टाचांना, आणि हलक्या हातानं. मग तेल आणि वर बाबांचे जुने मोजे. उन्हाळ्यात कलिंगड आलं की लाल भाग आम्हाला, सालीची पांढरी बाजू आईच्या हातांना. बाहेर पडताना साडीवर बाबांचा फुल बाह्यांचा शर्ट. पावसाळ्यात गल्लीत घोट्याएवढं पाणी, पायांना चिखल्या. मग बोटांच्या बेचक्यांत हळदीचं तेल. लोडशेडिंगमध्ये लूम बंद पडले की अख्खं कामतघर एकदम गप्प व्हायचं, आणि त्या शांततेत आई मला जवळ बोलवायची. "आण तार," म्हणायची.

ही आमची परीक्षा. कारखान्यातून आणलेली पॉलिस्टरच्या सुताची एक बारीक तार, केसापेक्षा बारीक. मी ती आईच्या तळहातावरून हळूहळू ओढायची. कातडीला कुठंही बारीक साल असली की तार अडायची. पहिल्या वर्षी ती दर बोटाला अडायची. आई म्हणायची, "अजून हाय." माझ्या डोळ्यांसमोर काकी यायची. मी तार गुंडाळून कंपासपेटीत ठेवायची. आमच्या वर्गातल्या पोरी कंपासपेटीत नटांचे फोटो ठेवायच्या.

मी मात्र आणखी एक गोष्ट ठेवत होते. वहीच्या मागच्या पानावर वाक्यं लिहायची. काकीला काय बोलायचं त्याची. आईची लढाई सरळ होती, तिला फक्त आपला हात मऊ करायचा होता. मला काकी रडलेली बघायची होती.

आणि देवाला माझी दया आली म्हणा. मी दहावीत असताना काकीनं मेडिकलमधून एक ट्यूब आणली. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही, कुठल्याशा पाहुणीनं सांगितली म्हणून. गोऱ्या बाईला आणखी गोरं व्हायचं होतं. आठ दिवसांत चेहरा काचेसारखा झाला, तेव्हा ती मुद्दाम आमच्या खोलीत येऊन बसली होती, खिडकीकडे तोंड करून. "रातच्याला लावायची, सकाली बघायचं," म्हणाली. आईनं चहा दिला. रुखसानाभाभींनी दारातून बघितलं आणि ती गेल्यावर म्हणाल्या, "ये चमड़ी उधार की है." मला तेव्हा कळलं नाही. दोन वर्षांनी कळलं. काकीचे गाल लाल झाले, आतल्या शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव आली, चुलीजवळ बसलं की आग व्हायची. ट्यूब बंद केली की अजून जास्त, म्हणून पुन्हा ट्यूब. हातांनाही तीच लावायची, त्यामुळे हातांची कातडी इतकी पातळ झाली की बांगडी चढवताना फाटायची. ती पदरानं तोंड झाकून फिरायला लागली. आई म्हणाली, "बिचारी." मी मात्र त्या संध्याकाळी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. खोटं कशाला सांगू?

बारावीच्या दिवाळीत तार पहिल्यांदा आईच्या तळहातावरून कुठंही न अडता सरकली. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत. मी पुन्हा ओढली. पुन्हा सरकली. आई उठून दिव्यात तेल घालून आली. चाळीस ओलांडलेली कांडीवाली बाई, आणि हात असा की नव्या सुनेचा वाटावा. त्या रात्री तिनं माझ्या गालावरून हात फिरवला तेव्हा मी दचकले. कुणाचा हात ते ओळखूच आलं नाही. त्याचं मला वाईट वाटलं होतं, पण ते बोलण्याची वेळ नव्हती. जिंकत आलो होतो आम्ही.

माझं लग्न ठरलं. हळद दिघाशीलाच, त्याच अंगणात, आंबा अजून खाली वाकलेला. मी पाटावर बसले. हळद आईनं स्वतः दळलेली, दाट, दुधात कालवलेली. काकी थोरली जाऊ म्हणून पहिला मान तिचा. ती आली, तोंडावर पदर, फक्त डोळे आणि लाल नाक दिसत होतं. तिनं वाटीकडे हात नेला. आठ वर्षं वहीच्या मागच्या पानावर घोटलेलं वाक्य माझ्या तोंडातून निघालं. डोक्यावरचं पान मी आधीच तोडून मांडीवर ठेवलेलं होतं.

"काकी, हात नको ओ. तुमचीच चामरी निघंल आन माझ्या गालाला चिकटंल. ह्या पानानं लावा."

बायका हसल्या. त्याच बायका, तेच हसणं. पाठ थोपटली कुणीतरी माझी. काकीचा हात वाटीवरच राहिला. तिचे डोळे भरले, मी नीट पाहिलं. इतकं गोड काही मी तोवर चाखलं नव्हतं.

तेवढ्यात आई उठली. "लावा ओ बाय," ती म्हणाली, "पोरगी मस्करी करतंय," आणि तिनं काकीचा हात धरला. आपल्या हातात घेऊन हळदीत बुडवला आणि माझ्या गालाशी आणला. बाजूला ढोल होता, बायका अजून हसत होत्या, आई मान वळवून त्यांना "गप ऱ्हावा गो" म्हणत होती. काकी आईच्या हाताकडे बघत होती. आणि माझ्या कानापासून वीतभर अंतरावर ती म्हणाली,

"किती मऊ हाय गो तुजा हात, वनिता. मी त्या दिवशी चुकले."

आईला ते ऐकू गेलं नाही. ज्या वाक्यासाठी आठ वर्षं पीठ, साय, पेज, मिठाचं पाणी आणि तार, ते वाक्य माझ्या विनोदावरच्या हसण्यात बुडालं.

संध्याकाळी आई माझ्या अंगावरची हळद पुसत होती. तिनं विचारलं, "ती काय बोलली गो मगाशी? ओठ हलताना दिसले."

सांगायला एक क्षण पुरला असता. पण मला वाटलं, एवढ्यात सुटली ही? आठ वर्षं आम्ही झिजलो आणि हिनं ढोलाच्या आवाजात एक वाक्य पुटपुटून मोकळं व्हायचं? आईला सांगितलं असतं तर आईनं तिला तिथल्या तिथं माफ केलं असतं, मला आई माहीत होती.

"काय न्हाय," मी म्हणाले. "हळद पातळ झालीय म्हणाली."

आईचा हात माझ्या दंडावर थांबला. मग पुन्हा पुसायला लागला.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या थंडीत काकी गेली. कशानं ते इथं महत्त्वाचं नाही. सवाष्ण गेली म्हणून तिला आंघोळ घालून हळद-कुंकू लावायचं होतं. मी सासरहून पोचले तेव्हा बायकांनी तिला अंगणात पाटावर टेकवून बसवलं होतं, तोंडावरचा पदर पहिल्यांदाच निघालेला. गाल फिकट झाले होते, लाली कुठं गेली कोण जाणे. कुणीतरी म्हणालं, वनिता, तू धाकटी जाऊ, तू लाव हळद.

आई पुढं आली. वाटी घेतली. आणि मग हात वर करून तिनं आंब्याचं एक पान तोडलं. पानाचं टोक हळदीत बुडवून तिनं काकीच्या एका गालाला लावलं, मग दुसऱ्या, मग हातांना. बोट कुठंही लागू दिलं नाही. लावून झाल्यावर पान तिनं काकीच्या मांडीवर ठेवलं आणि बाजूला झाली. कुणी हसलं नाही. निम्म्या बायकांना काही कळलंच नाही. कल्पनाताईला कळलं, तिनं मान खाली घातली.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला ओरडता आलं असतं, आई, पान टाक, ती बोलली होती. मी ओरडले नाही. खरं सांगायचं तर पान तुटल्याचा आवाज आला तेव्हा मला बरं वाटलं. आपण काय केलं ते कळलं नंतर, परतीच्या रिक्षात, अंबाडी नाक्याच्या आसपास. आई खिडकीशी बसली होती, हात मांडीवर उलटे ठेवून, आणि स्वतःच्याच तळहातांकडे बघत होती.

तेव्हापासून मी कितीदा तोंड उघडलं आणि मिटलं. आता सांगायचं म्हटलं तर त्या पानाचं काय करायचं? ते तर काकीबरोबर जळून गेलं. आधी मी काकीवर सूड उगवायला गप्प बसले होते, आता आईला वाचवायला गप्प बसते. दोन्ही वेळा काकीचंच वाक्य माझ्या घशात. तिनं माझ्यावर उगवलेला सूड म्हणायचा तो हाच असेल, आणि तिला ठाऊकही नाही.

बाहेरून आईनं हाक मारली. मी वजरी घेऊन ओट्यावर गेले. आता इथं लूमचा आवाज फारसा येत नाही, बरेच कारखाने बंद झालेत. आईनं माझ्या हातातली वजरी बघितली आणि हसली.

"ही अजून हाय? टाकून दे." मग स्वतःचा तेलकट हात उन्हात धरून, उलटा-सुलटा करून तिनं बघितला. साठी आलीय, पण हातावर एक रेष जास्तीची नाही. म्हणाली, "एवढा हात केला गो मी. पण ती शेवटपर्यंत बोलली न्हाय. बोलली का?"

समोर पत्र्यावर ऊन होतं. बाबांचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी आला होता आणि ड्रायव्हर हॉर्न देत होता.

"न्हाय," मी म्हणाले.

"बघ," आई म्हणाली. "मग मी केलं ते बरोबरच केलं." आणि हाताला उरलेलं तेल तिनं माझ्या खरखरीत कोपरांना लावलं, हळूहळू, न रगडता.